मेंढ्यांशिवाय काहीच दिसलं नाही!

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघं साताऱ्याचे, निवृत्त. मे ते जुलै मुलाकडे इंग्लंडात शेफील्डला आहोत. घरी असताना कासला, मायणीला दुर्बीण घेऊन हौसेनं फिरतो. आम्ही यादीवाले पक्षीनिरीक्षक नाही, दिसेल ते बघणारे. गेल्या रविवारी दुपारी मुलानं गाडीतून वर मूरवर नेलं. वारा असा की माझी टोपी गेली ती गेलीच. तासभर उभे राहून चार मेंढ्या आणि दोन कावळे पाहिले. बायको म्हणाली, यापेक्षा आपल्या अंगणात जास्त पक्षी येतात. एक पूर्ण दिवस काढायची तयारी आहे. कुठं आणि कसं जावं? वय ६८, गुडघे कुरकुरतात. (एक सातारकर)

उत्तर: तुमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे आधीच मान्य करते. साताऱ्याच्या अंगणात सकाळी बुलबुल, दयाळ, सूर्यपक्षी, तांबट असा गोतावळा जमतो. इथल्या मूरवर दिवसभरात पंधरा जाती झाल्या तरी मी खूश होऊन घरी येते.

मूरला मराठीत काय म्हणावं, यावर मी इथं आल्यापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, अडले आहे. माळ म्हणावं तर आपला माळ कोरडा, आणि हा पाणी धरून बसलेला. कोकणातला सडा त्यातल्या त्यात जवळचा, पण सड्यावर पायाला कातळ लागतो आणि इथं गादीवर चालल्यासारखं वाटतं. शेवाळ आणि गवत पुरतं न कुजता हजारो वर्षं थरावर थर साचलं, त्याला पीट म्हणतात. त्यावर हेदर नावाचं गुडघ्याएवढं झुडूप. झाडं नाहीत, कारण माणसानं ती तोडली. नवी उगवली ती मेंढ्यांनी खाल्ली. पुढे शिकारीच्या ग्राउझ पक्ष्याला कोवळे कोंब मिळावेत म्हणून जमीनदार हेदर पट्ट्यापट्ट्यानं जाळत राहिले. तेव्हा जाती कमी दिसल्या हा तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. पण ज्या आहेत, त्यातल्या काही खाली गावात औषधालासुद्धा मिळायच्या नाहीत.

बाकीची अर्धी चूक चिरंजीवांची. रविवार, दुपार, वारा आणि गाडीतळ, चारही गोष्टी चुकल्या. वाऱ्यात माळावरचा पक्षी उडत नाही, दबून बसतो. हेदरमध्ये दबलेली तिरचिमणी बुटापासून दोन फुटांवर असली तरी दिसत नाही.

आता माझा ठरलेला दिवस सांगते. एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मी तो दोन-तीनदा तरी करते. सकाळी जंगल, दुपारनंतर मूर. क्रम उलटा करू नका. जंगलातले पक्षी सकाळी गातात आणि अकरानंतर आळसावतात. शिवाय पानं दाट झाली की ते नुसते ऐकूच येतात. मूर उघडा आहे, तिथं संध्याकाळीही चालतं, आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

शेफील्ड स्टेशनवरून मँचेस्टरच्या बाजूला जाणारी हळू गाडी धरा आणि ग्रिंडलफर्डला उतरा. जलद गाड्या तिथं थांबत नाहीत. आठवड्यातला मधला वार घ्या आणि आठच्या आत निघा. प्रवास पंधरा-एक मिनिटांचा, त्यातला बराचसा टोटलीच्या बोगद्यात. १८९३ मध्ये सुरू झालेला हा बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. आपल्या खंडाळ्याच्या घाटात दोन बोगद्यांच्या मध्ये दरी डोकावते, तसं इथं नाही, एकच सलग काळोख. तो संपता संपता स्टेशन येतं आणि उतरलात की समोर ओकचं जंगल. स्टेशनाबाहेर जुनं चहाघर आहे. उघडं असेल तर मगभर चहा घ्या. मग म्हणजे तांब्याच म्हणा.

तिथून पाच-दहा मिनिटांत पॅडली गॉर्ज ही घळ लागते. तिच्यातलं पाणी नदी म्हणण्याजोगं नाही, ओढाच, बर्बेज ब्रुक नावाचा. शेवाळानं हिरवे झालेले धोंडे, त्यांच्या फटीतून उगवलेले वाकडेतिकडे ओक. वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांत लोकांनी शेकडो नाणी ठोकून बसवलेली दिसतील. आपण देवळाच्या दाराला ठोकतो तशीच. नवस इथंही सुटलेला नाही. वाट चढाची आहे पण सावकाश, आणि गुडघ्यांना उतारापेक्षा चढ बरा, म्हणून मी तुम्हाला खालून वर पाठवते आहे. मुळं मात्र ओली असतात. काठी घ्या.

इथला मानाचा पाहुणा म्हणजे पाइड फ्लायकॅचर. चिमणीहून लहान. नर वरून काळा, खालून पांढरा, कपाळावर पांढरा ठिपका, जणू गंध लावून आलाय. पश्चिम आफ्रिकेतून एप्रिलअखेर येतो. झाडांना लाकडी पेट्या टांगलेल्या दिसतील, त्या त्याच्याच घरट्यांसाठी. पेटी दिसली की जवळ जाऊ नका. वीस-पंचवीस पावलं मागं सरून धोंड्यावर बसा. दहा मिनिटांत तो अळी घेऊन येतोच. जूनच्या मध्यानंतर पिलं उडाली की हे कुटुंब शेंड्यात जाऊन गप्प होतं, मग मी कितीही वर्णन केलं तरी उपयोग नाही. त्यामुळे ‘जुलैत निवांत जाऊ’ असं करू नका.

वुड वॉर्बलर दिसण्याआधी ऐकू येईल. स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडतं, आधी सावकाश डुगडुगतं, मग भराभर, आणि शेवटी थरथरत स्थिर होतं, तो आवाज. अगदी तोच. दुर्बिणीत सापडला तर बघा, गाताना तो पंखांपासून शेपटीपर्यंत सगळा हलत असतो. एवढासा जीव आणि एवढी धडपड. याची संख्या इथं फार घटली आहे. नाही भेटला तर वाईट वाटून घेऊ नका. मलाही गेल्या वर्षी दोन फेऱ्यांत एकदाच भेटला.

रेडस्टार्ट तुम्ही ओळखालच. हिवाळ्यात आपल्याकडे कृष्ण थिरथिरा येतो ना, कुंपणावर बसून तांबडी शेपूट थरथरवणारा? त्याचा हा चुलतभाऊ. शेपूट तीच, सवय तीच. फक्त याच्या कपाळाला पांढरी पट्टी.

चिफचाफ आणि विलो वॉर्बलर ही जोडी मात्र गंडवते. दोघंही हिरवट-पिवळट, दोघंही पानांत. चिफचाफ आपलंच नाव घेत बसतो, चिफ-चाफ, चिफ-चाफ, आणि विलो वॉर्बलरची लकेर वरून सुरू होऊन घरंगळत खाली येते. हे मला आज कळतं. पहिली दोन वर्षं माझ्या वहीत सगळेच चिफचाफ आहेत. वही अजून आहे, खाडाखोड केलेली नाही.

मोबाईलमधलं मर्लिन अ‍ॅप आवाज ऐकून नाव सांगतं. जरूर वापरा, पण त्यातली रेकॉर्ड केलेली शीळ पक्ष्याला ऐकवू नका. पिलांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.

मधल्या लाकडी पुलावर थांबाच. मे महिन्यात एकदा मी तिथं कठड्याला टेकून उभी होते. खाली पाण्याबाहेर आलेल्या दगडावर डिपर. तपकिरी, गोलमटोल, छातीवर पांढराशुभ्र रुमाल बांधल्यासारखा. दर दोन सेकंदांनी गुडघ्यात वाकून उठबशी काढत होता. मग सरळ चालत पाण्यात शिरला. बुडी नाही मारली, चालत गेला. पाणी डोक्यावरून गेलं. मी मनात आकडे मोजत होते. अकराला वरच्या बाजूला बाहेर आला, चोचीत काहीतरी वळवळत होतं, आणि पाठीवरचं पाणी असं ओघळून गेलं जसं अळवाच्या पानावरून जातं. वीस मिनिटं मी हलले नाही. शेजारी करडा धोबी शेपूट हलवत होता, तो तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या जातीचाच. पण डिपर आपल्या महाराष्ट्रात नाही. तुमच्या सौ.ना आधी हा दाखवा, अंगणाची तुलना तिथंच थांबेल.

वर आलात की झाडं संपून मोकळं कुरण लागतं आणि थोडं पुढं लाँगशॉची हवेली. खाणं, स्वच्छतागृह सगळं तिथं आहे. मी डबा नेते. तिथल्या सुपात मीठ नसतं, असं माझं ठाम मत आहे. ही हवेली ड्यूक ऑफ रटलंड यांनी शिकारीसाठी बांधलेली, आणि भोवतीचा सगळा मुलूख त्यांच्या खासगीतला. तुमच्या-माझ्यासारख्यानं पाय ठेवला तर राखणदार हाकलून देत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर हा मुलूख विकायला निघाला, तेव्हा शेफील्डच्या एथेल हेथॉर्नथ्वेट यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी जमवून तो वाचवला. १९३१ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आला. आज आपण तिथं सतरंजी पसरून थालीपीठ खातो, ते या बाईंच्या कृपेनं. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते नंतर, १९५१ मध्ये.

जेवणानंतर रस्ता ओलांडून बर्बेजच्या खोऱ्यात शिरा. इथं जुनी बग्गीची वाट आहे, रुंद आणि जवळजवळ सपाट. तुमच्या गुडघ्यांची काळजी इथं मिटली. डावीकडे कार्ल वार्क आणि हिगर टॉर असे दोन खडकाळ माथे दिसतील. त्यांच्यावर चढायची गरज नाही, खालूनच छान दिसतात. वाटेच्या कडेला टाकून दिलेली दगडी पाती दिसतील, आपल्या जात्याची असतात तशीच, पण पुरुषभर व्यासाची. गिऱ्हाईक सुटलं आणि घडवलेला माल तसाच पडून राहिला. काही धोंड्यांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. दुसऱ्या महायुद्धात इथं सैनिकांचा सराव चाले.

आणि हो, ग्राउझ. पहिल्याच वर्षी मी याच वाटेवरून आडवी हेदरमध्ये शिरले होते, पायात कॅनव्हासचे बूट, हातात उघडा डबा. पायाखालून फर्रर्र करून काहीतरी फुटलं. डबा एकीकडे, मी दुसरीकडे. कोंबडीएवढा तांबूस-तपकिरी पक्षी हेदरला घासत तीरासारखा गेला, लांब जाऊन उतरला आणि मान वर करून मला सुनावलं, ‘गो बॅक, गो बॅक, गो-बॅक-बॅक-बॅक!’ डोळ्यांवर लालभडक भुवया. थट्टा नव्हे, इथले लोकही त्याचा आवाज असाच सांगतात, जसा आपण पावशाचा ‘पेरते व्हा’ सांगतो. मिरजेतल्या आमच्या आजोबांनी १९२८ मधल्या ‘सायमन गो बॅक’च्या गोष्टी इतक्यांदा ऐकवल्या होत्या की मला तिथंच हेदरात बसून हसू फुटलं. इंग्रजांच्या देशात येऊन ही घोषणा आपल्यालाच ऐकावी लागली! थालीपीठं मेंढ्यांनी खाल्ली.

दुसरीकडच्या मूरवर १२ ऑगस्टपासून या पक्ष्याची शिकार सुरू होते. हौशी लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. मला तो प्रकार पटत नाही, पण शिकार असल्यामुळेच हेदरचे डोंगर टिकले असं म्हणणारे शेजारीही मला आहेत आणि त्यांच्याकडे माझं जाणंयेणं आहे.

बाकी काय दिसेल? कुंपणाच्या तारेवर गप्पीदास, म्हणजे स्टोनचॅट. दोन गोटे एकमेकांवर आपटल्यासारखा बोलतो. तिरचिमण्या ढिगानं. नर तिरकस वर चढतो आणि पंख पसरून गात गात तरंगत खाली येतो. कक्कू ऐकू आला तर समजा तो तिरचिमण्यांच्याच मागावर आहे. त्याची मादी आपलं अंडं त्यांच्या घरट्यात ठेवते, आपल्या कोकिळेनं कावळ्याच्या ठेवावं तसं. केस्ट्रेल हा छोटा ससाणा आपल्या कापशीसारखा हवेत एका जागी पंख मारत टांगलेला दिसेल. कड्याच्या बाजूला काळ्या पक्ष्याच्या गळ्याखाली पांढरी चंद्रकोर दिसली तर तो रिंग आउझल. तो दिसला की मला लगेच पत्र टाका. गिर्यारोहकांनासुद्धा त्याच्या घरट्याजवळचे कडे काही आठवडे सोडायला सांगतात, तेव्हा तुम्हीही वाटेवरूनच बघा.

संध्याकाळी लाँगशॉजवळच्या फॉक्स हाउसच्या थांब्यावरून शहराची बस मिळते, पुन्हा खाली उतरावं लागत नाही. एकच ताकीद देते. पँट मोज्यात खोचा. हेदरात आणि नेच्यात गोचीड असतात, तिळाएवढे, आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट बघा. चिकटलेला दिसला तर तेल-तूप न लावता बारीक चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. नंतर अंगावर गोल लाल चट्टा पसरत गेला तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि टोपीला दोरी लावून घ्या.

प्रश्न: मी रत्नागिरीचा. भाट्याच्या खाडीत हिवाळ्यात वाकड्या लांब चोचीचा मोठा पक्षी येतो. पुस्तकात त्याला युरेशियन कर्ल्यू म्हटलंय. तुमच्याकडेही तोच असतो म्हणे. म्हणजे आमचा पाहुणा इंग्लंडहून येतो का?

उत्तर: जात एकच, घर वेगळं. इथल्या मूरवर घरटं करणारे कर्ल्यू हिवाळ्यात फार लांब जात नाहीत. ब्रिटनच्या नाहीतर आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरतात, काही फ्रान्सपर्यंत. तुमच्या खाडीतले येतात ते उरल पर्वताच्या पलीकडून, रशियाच्या गवताळ प्रदेशातून. त्यांची चोच सरासरीनं थोडी जास्तच लांब.

पण तुम्ही कर्ल्यूचं फक्त हिवाळ्यातलं रूप पाहिलंय, चिखलात चोच खुपसत मुकाट्यानं फिरणारं. त्याचं गाणं तुम्हाला माहीत नसणार, कारण ते घरट्याच्या जागीच असतं. मी मिरजेची, सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांसमोरून शाळेत गेलेली, म्हणून मला ते असं ऐकू येतं. आधी एकेक लांब स्वर, मींड घेऊन वर चढणारा, ‘कूर्-ली… कूर्-ली’. मग ते स्वर जवळ जवळ येतात आणि शेवटी उकळत्या पाण्यासारखी सलग गिटकिरी. हे सगळं उडता उडता, पंख ताणून, खाली तरंगत येताना. एकदा धुक्यात पक्षी न दिसता नुसतं ऐकलं होतं, माझ्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडे गेलं.

जगातल्या या जातीच्या विणीच्या जोड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या ब्रिटनमध्ये आहे आणि तोच झपाट्यानं घटतोय. २०१५ मध्ये त्याला इथल्या लाल यादीत, म्हणजे सर्वात काळजीच्या पक्ष्यांच्या यादीत टाकलं. अंडी जमिनीवर असतात. गवत लवकर कापलं जातं, कोल्हे आणि कावळे अंडी खातात, ओल्या जागा बुजवल्या जातात. पिलं वाढतच नाहीत. मी इथं आले तेव्हा एका फेरीत चार-पाच ठिकाणी ऐकू येई. आता एक ऐकला तरी वहीत तारीख घालते. तुमच्या खाडीत किती येतात ते दर हिवाळ्यात मोजून ठेवाल का? वही साधी चालेल.

प्रश्न: दुर्बीण ८ बाय ४२ घ्यावी की १० बाय ४२? मी चष्मा लावते. (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: ८ बाय ४२. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहाची मोठं दाखवते, पण हात थरथरला की तेही दसपट दिसतं, आणि जंगलात पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. आठमध्ये दिसणारा पट्टा रुंद असतो. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप दुमडून किंवा फिरवून आत घ्या, नाहीतर मधोमध एक छोटंसं भोक तेवढं दिसेल आणि तुम्ही दुकानदाराला दोष द्याल. काचेवरची धूळ आधी फुंकून उडवा, मग पुसा. महागडं कापड घेऊ नका. मी आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा वापरते, धुऊन धुऊन मऊ झालेला.